विजेची विडी : निपाणीतल्या एका श्वासवर्गाच्या नोंदी

9 जून 2025, सोमवार

विठ्ठल मंदिराचा सभामंडप मिळाला. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेअकरा ते सव्वाबारा. वेळ विड्या वळणाऱ्या बायकांनीच ठरवली. आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात देऊन, नवी पानं आणि तंबाखू घेऊन घरी आल्या की पुन्हा सूप मांडीवर घेण्याआधी तेवढीच काय ती मोकळीक. दहा आठवडे चालवायचं आणि शेवटी दोन गोष्टी हातात पाहिजेत. एक, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतलं वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण, फोनवर लावून विड्या वळता वळता ऐकता येईल असं. दुसरी, भिंतीवर चिकटवायला एक तक्ता.

पत्रक हातात आलं आणि डोकं फिरलं. मी लिहून दिलं होतं 'श्वासाचा वर्ग'. छापून आलंय 'प्राणायाम व कुंडलिनी जागृती शिबिर', वर कमळ, कमळात नाग. मंडळाच्या पोरांना विचारलं तर म्हणाली, "बाई, श्वास तर सगळीच घेत्यात. त्याला कोण येणार?" तोवर गल्लीभर वाटूनही झालं होतं. गप्प बसले.

मोजणी कशी करायची ते ठरवलं. 'तुमचे श्वास मोजते' म्हटलं की माणसाचा श्वास लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो. म्हणून नर्स करतात तसं करायचं: नाडी बघतेय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास धरतात.

12 जून

17 जणी आल्या. परवाच वडाला सूत गुंडाळलेल्या, काहींच्या हाताला अजून हळद. पत्रकाचा गुण म्हणायचा, नाहीतर पाच आल्या असत्या.

मांडी घालून बसायला सांगावं लागलं नाही. योगाच्या वर्गात शहरी माणसांचे गुडघे जमिनीला टेकवण्यात पहिला महिना जातो. इथं सगळ्या जन्मभर मांडी घालूनच बसलेल्या. पण पाठ! मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, मान खाली, खांदे पुढं. असं आठ-दहा तास बसलं की पोट दाबलं जातं, श्वासपटलाला खाली उतरायला जागाच उरत नाही. मग श्वास वरच्या वर, गळपट्टीपाशी. खांदे उचलून घेतला की आपल्याला वाटतं केवढा मोठा घेतला. पाणी शेंदायचं आणि घागर अर्धीच बुडवायची, तसा प्रकार.

उताणं झोपवलं आणि प्रत्येकीच्या बेंबीवर एकेक वाटी ठेवली. श्वास घेताना वाटी वर आली पाहिजे, छाती जागच्या जागी. पहिल्या दहा मिनिटांत वाट्या पडल्याचा आवाज जास्त. एकीला हसू आलं की तिची वाटी, मग शेजारणीची. चारजणींची वाटी उलटी चालत होती, श्वास घेताना खाली आणि सोडताना वर. तेही नेहमीचंच. लहान मूल झोपलेलं बघा, त्याचं पोट बरोबर चालतं. पुढं कधीतरी बिघडतं.

पूरक, कुंभक, रेचक हे शब्द फळ्यावर लिहिले तर आत्तींनी विचारलं, "रेचक म्हंजे एरंडेल न्हव्हं?" तक्त्यावर घेणं, थांबणं, सोडणं असंच लिहायचं.

16 जून

9 जणी. कारखान्यात पानं उशिरा मिळाली.

21 जून

योग दिवस. मैदानावर चटया, माईक, पाहुणे. मी आमच्यातल्या तिघींना घेऊन गेले. त्यांना पुढं उभं राहायला सांगितलं तर मागच्या रांगेत जाऊन बसल्या, पदर नाकाला. तंबाखूचा वास येईल म्हणून. नाही आला हो, आणि आला तरी निपाणीत कुणाला त्याचं नवल? हे गावच त्या वासावर उभं राहिलंय.

मंडळातला एकजण म्हणाला, पुढच्या पत्रकावर विवेकानंदांचा फोटो टाकूया, ते बेळगावला येऊन गेलेत. आले होते, ऑक्टोबर 1892 मध्ये. आधी भाटे यांच्या घरी उतरले, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं. प्राणायामावर सविस्तर लिहिलेला त्यांचा 'राजयोग' त्यानंतर चार वर्षांनी, 1896 ला आला. पण मला त्या मुक्कामातली वेगळीच गोष्ट आवडते. भाट्यांच्या घरी जेवण झाल्यावर स्वामींनी पानसुपारी मागितली आणि वर तंबाखूही मागितली. संन्यासी आणि तंबाखू! घरची माणसं चाट पडली. ही गोष्ट मी परतताना रिक्षात सांगितली. मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "मग निपाणीचीच आसंल ती."

26 जून

आज फजिती माझी. नाडीशोधन, म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीनं श्वास, शिकवायला घेतलं. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्यावर. पुस्तकात किती सोपं. इथं बोटं नाकाशी नेली आणि एकेक शिंक सुरू झाली. वर्षानुवर्षं तंबाखू बोटांत मुरलेली, साबणानं जात नाही. लिंबू लावून बघितलं, बेसन लावून बघितलं. शेवटी हाताशिवायच करायचं ठरवलं, नुसतं लक्ष एका बाजूवरून दुसरीकडं न्यायचं. शास्त्राला धरून आहे का? काही गुरुजी नाक मुरडतील. मुरडू देत, त्यांच्या नाकाला ही बोटं लागलेली नाहीत.

नाकपुड्यांचा खेळ मात्र सगळ्यांना आवडला. स्टीलची ताटली नाकाखाली धरायची आणि हळू श्वास सोडायचा. वाफेचे दोन ठसे उमटतात, एक मोठा, एक छोटा. म्हणजे एका वेळी एकच नाकपुडी जास्त चालते आणि काही तासांनी पाळी बदलते. नाकातल्या आवरणात रक्त कधी या बाजूला जास्त भरतं, कधी त्या. आपल्याकडं याच दोन वाटांना इडा आणि पिंगला म्हटलं, चंद्र आणि सूर्य. 'स्वर बघून घराबाहेर पडायचं' असं माझी आजी म्हणायची, ते हेच.

मग चार अंक मोजत घेणं, सहा अंक मोजत सोडणं. मध्ये थांबायचं नाही. दहा सेकंदांचा एक फेरा, मिनिटाला सहा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडणं लांबवलं की तो कमी होण्याचा काळ वाढतो, मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची चेता तिथं काम करते. नाडीवर बोट ठेवून हे प्रत्येकीला कळलं. "खरंच की ओ, थांबत थांबत चालायलंय!" एक मावशी तर वर्ग संपला तरी मनगट सोडेनात.

3 जुलै

हे आज रात्रीच लिहून ठेवते, उद्या डोकं थंड झालं की मऊ होईल.

आमच्यात एक नवी सून आहे, विशीतली. हुशार, चपळ, विड्यासुद्धा गल्लीत सगळ्यांत भराभर वळते. गेला आठवडाभर घरी ती मोबाइलवर बघून भस्त्रिका करत होती. मला माहीत नव्हतं. आज उपाशीपोटी घरी पंधरा मिनिटं करून आली आणि वर्गात मी बाकीच्यांना वाट्या देत असताना कोपऱ्यात बसून पुन्हा सुरू. लोहाराच्या भात्यासारखं, फासफूस. माझं लक्ष गेलं तेव्हा तिचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ थरथरत होते आणि दोन्ही हातांची बोटं एकत्र येऊन मनगटं आत वळलेली. कोंबडीच्या पायासारखी. "बाई, मुंग्या याल्यात, सगळ्या अंगातनं," म्हणाली. चेहऱ्यावर भीती आणि आनंद, दोन्ही.

मग मंडपात तीन मतं झाली. सासू लगेच हात जोडून उभी राहिली, "उदं गं आई", सौंदत्तीची यल्लमा अंगात आली म्हणून. कुणीतरी हळद-कुंकू आणायला धावलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "कुंडलिनी जागी झाली बगा, पत्रकात लिवल्यालं." आणि तिसरं मत माझं, ते मी त्या क्षणी बोलले नाही.

तिच्या पुढ्यात बसले, दोन्ही हात हातांत घेतले. ओठांचा चंबू करून, दिव्याची ज्योत न विझवता नुसती वाकवायची असा सोड, म्हटलं. मी सोडायचे, ती सोडायची. घेण्याबद्दल एक शब्द काढला नाही, घेणं आपोआप होतं. कुणीतरी तोंडावर कागदाची पिशवी धरा म्हणाल्या, ती जुनी युक्ती आता डॉक्टर सांगत नाहीत, प्राणवायू कमी पडून धोका होतो. पाच-सात मिनिटांत बोटं सुटली. मग गूळ आणि पाणी, आणि तासाभरानं जेवण. संध्याकाळी तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तपासून म्हणाल्या काही नाही, श्वास जास्त झालाय.

चूक माझी. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की घरी कोण काय करतंय.

4 जुलै

झालं काय ते आज फळ्यावर मांडलं, गुरुवारी नीट सांगायचं म्हणून.

भराभर श्वास घेतला की प्राणवायू खूप मिळतो असं सगळ्यांना वाटतं. धडधाकट माणसाच्या रक्तात तो आधीच भरलेला असतो, शंभरातले 95 ते 100. ऑक्सिमीटर लावून बघितलंय आपण सगळ्यांनी कोविडच्या दिवसांत. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? उलट जातो तो कार्बन डायऑक्साइड. तो टाकाऊ वायू म्हणून शाळेत आपण त्याला नावं ठेवतो, पण रक्ताचा आंबटपणा बेताचा ठेवायला तोच लागतो. फार गेला की रक्त जास्त अल्कली होतं, रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम कमी पडतं आणि चेता उगाच चाळवतात. ओठांना, बोटांना मुंग्या. बोटं वळणं. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून चक्कर, हलकं हलकं वाटणं, प्रकाश दिसल्यासारखं होणं.

म्हणजे तिला जे जाणवलं ते खोटं नव्हतं. अंगात खरोखरच घडत होतं. त्याला नाव काय द्यायचं, एवढाच वाद.

आणि ज्या ग्रंथाच्या आधारावर हे सगळं चालतं, तो काय म्हणतो? पंधराव्या शतकातला स्वात्मारामांचा 'हठप्रदीपिका' काढला. दुसऱ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, स्वच्छ लिहिलंय: सिंह, हत्ती, वाघ हळूहळू माणसाळतात, वायूही तसाच हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. त्याच्या पुढचाच श्लोक, नीट केलेल्या प्राणायामानं सगळे रोग जातात, चुकीच्या केल्यानं सगळे रोग येतात. मूळ शब्द 'शनैः शनैः'. मोबाइलवाल्यांनी ही पानं फाडून ठेवली असावीत. हो, घाम आणि कंपाचा उल्लेख तिथंही आहे, कनिष्ठ प्राणायामात घाम, मध्यम प्राणायामात कंप. पण तो मात्रा, म्हणजे काळाची मापं, मोजत, महिनोन्महिने वाढवत नेलेल्या श्वासाचा हिशेब. आठ दिवसांत कंप आला म्हणजे मध्यम पायरी गाठली, असं धरणं म्हणजे ताप आला म्हणून ऊन पडलं म्हणण्यासारखं.

भस्त्रिका आणि कपालभाती या प्रकल्पातून बाद. रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया, फिट्स, पोटात बाळ, यांतलं काहीही असेल तर ती करायची नसते, आणि आमच्या 17 जणींत रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याच पाच निघाल्या.

6 जुलै

आषाढी. सुट्टी. मंडपात दिवसभर भजन. अभंगाचं चरण एका दमात म्हणणाऱ्या बायकांकडं बघत बसले होते. घड्याळ काढून मोजलं, सोडणं सात-आठ सेकंदांचं सहज. वर्गात यांनाच सहा मोजताना धाप लागते!

10 जुलै

11 जणी. सहा गळाल्या. त्यांतल्या दोघींनी स्पष्ट सांगितलं, शक्ती जागी होणार नसेल तर घरी विड्या शे-दोनशे जास्त होतील. मजुरी दर हजार विड्यांमागं मिळते, त्यांचा हिशेब चुकीचा नाही. नवी सून आली. सासूही आली, सुनेवर नजर ठेवायला, आणि बसली ती वाटी घेऊन.

14 जुलै

कन्नड मजकुरासाठी अक्कोरु आल्या. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आम्ही दोघी तीस वर्षं एकाच भाजीवाल्याकडं वांगी निवडतो, पण एकत्र काम पहिल्यांदाच.

त्यांनी पहिली ओळ वाचली, "उसिरु तगोळ्ळि... उसिरु बिडि." उसिरु म्हणजे श्वास, बिडि म्हणजे सोडा. मंडपात एकच हशा. "बाई, श्वासात बी बिडीच व्हय?" अक्कोरु आधी बावरल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्या भागात खरं तर 'बिड्री' म्हणतात, त्यांनी ते बदलून बघितलं. पण बायकांनी हट्ट धरला, बिडिच ठेवा. आता सूचनेला कुणी चुकत नाही.

दुसरा शब्द निधान. अक्कोरु म्हणाल्या, "निधानवागि". कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. तीस वर्षं मराठी शिकवून, एवढ्या जवळ राहून, हे मला आज कळलं. 'सावकाश' तर इकडच्या कन्नडातही चालतं, तसं त्यांनी सुचवलंही. नको म्हटलं, निधानच राहू द्या.

चहाला बसल्यावर प्राणाचा विषय निघाला. प्राण, अपान, समान, उदान, व्यान हे पाच मला तक्त्यावर घ्यायचे होते. अक्कोरु लिंगायत. त्या म्हणाल्या, आमच्या षट्स्थळांत, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांत, चौथं स्थळ प्राणलिंगी. भक्त, महेश, प्रसादी, मग प्राणलिंगी, शरण, ऐक्य. बाहेर हातात घेऊन पुजायचं लिंग ते इष्टलिंग, आणि श्वासात, प्राणातच ते ओळखू यायला लागलं की प्राणलिंगी. "तिथं जागं काय व्हायचं?" मी विचारलं. "आपण," म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

तक्त्यावरून पाच प्राण काढले. जागा नाही, आणि मलाही ते एका ओळीत सांगता येत नाहीत.

24 जुलै

पाऊस. 6 जणी. ओली छत्री, ओला पदर, आणि घरी पानं भिजू नयेत ही चिंता. लवकर सोडलं.

29 जुलै, नागपंचमी

मंगळवार, वर्ग नव्हता, पण मंडपाबाहेर झोका बांधलेला आणि सगळ्या जमलेल्या. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. तेंदूची पानं आदल्या रात्रीच कातरून ठेवलेली. कातर धरायची नाही, वळायला हरकत नाही, असा आत्तींचा निवाडा. म्हणून दोघी-तिघी सूप घेऊनच आलेल्या.

फेर धरला. मग फुगड्या. फुगडी घालताना तोंडानं 'फू फू' असा जो ठेका धरतात, तो ऐकून नवी सून माझ्याकडं बघून हसली, "बाई, भस्त्रिका." खरंच की. पण फुगडीला शेवट असतो. दम लागला की हात सुटतात आणि दोघी मट्कन खाली बसतात. हठयोग्यांना मात्र थांबवायला जोडीदारीण नसते.

लाह्या खाताना मामींनी सरळ विचारलं. "बाई, आज नागाचा दिवस. ती पत्रकावरची नागीण आसती का न्हाई, ते सांगा एकदा."

टाळत आले होते इतके दिवस. आज ज्ञानेश्वरीच काढली, सहावा अध्याय. शके 1212, म्हणजे 1290 ची. हा सगळा योग संस्कृतात कुलूपबंद असताना ज्ञानदेवांनी तो मराठीत, नेवाशाला, भर सभेत उघडून सांगितला. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं, तशी ती शक्ती निजलेली, 'औट' वळणांची. औट म्हणजे साडेतीन. तोंड खाली. आणि पुढच्या ओवीत ती कशी दिसते ते सांगताना पहिलीच उपमा 'विद्युल्लतेची विडी'.

सगळ्यांचे हात थांबले. "काय म्हनला?"

विजेची विडी. इथं विडी म्हणजे वेटोळं, गोल वळवलेलं. तंबाखूची नव्हे, तंबाखू आपल्या देशात पोर्तुगिजांबरोबर आली, ज्ञानदेवांनंतर तीनेकशे वर्षांनी. हे मी मास्तरकीनं समजावत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. आत्तींनी सुपातली एक वळलेली विडी उचलून उजेडात धरली. वेढे मोजले. "आमच्या बी साडेतीनच व्हत्यात की गं, पान मोठं आसलं तर." मग दुसरीनं मोजले, तिचे तीन भरले. तो वाद अर्धा तास.

मला मात्र पुढचा भाग सांगायचा होता आणि तो सांगितलाच. ज्ञानदेव तिथं आसन सांगतात, बंध सांगतात, उष्णता सांगतात. त्याच अध्यायात गीता बेताचं खाणं, बेताचं झोपणं, बेताचं काम सांगते. भराभर श्वास कुठंच सांगितलेला नाही. आणि ती जागी झालेली शक्ती बरीच वर चढली की ते म्हणतात, आता 'कुंडलिनी' ही भाषा गेली, आता तिचं नाव मारुत. म्हणजे वारा. शिवाला मिळेपर्यंत ती शक्तीच, पण नाव वाऱ्याचं. "म्हंजे नागीण जाऊन परत श्वासच उरला," सासूबाई म्हणाल्या. या त्याच, उदं गं आई म्हणून हात जोडलेल्या. मी पुस्तक मिटलं.

नागीण आहे का नाही, ते काही सांगितलं नाही. मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

2 ऑगस्ट

ध्वनिमुद्रण पहिलं, वाया. मंडपाच्या पत्र्यावर पाऊस. फोनवर ऐकलं तर अक्कोरु नळाखाली बसून बोलतायत असं वाटतं. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या टांगून पुन्हा करू.

11 ऑगस्ट

बोटांची अडचण भ्रामरीनं सोडवली. कान बंद करायची मुद्रासुद्धा काढून टाकली. तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं, भुंग्यासारखं, श्वास संपेपर्यंत. गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू नुसत्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त बाहेर येतो, सुमारे पंधरापट, असं स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये मोजलं. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत हवा खेळती राहते. त्यानं दमा बरा होतो असा अर्थ नाही, आणि आमच्यातल्या दमेकरी मावशींना मी तीनदा बजावलंय की पंप बंद करायचा नाही. चौथ्यांदा बजावलं तेव्हा त्यांनी कनवटीतून पंप काढून दाखवला, "हा बगा माझा प्राण."

गंमत म्हणजे आकडे मोजत सोडताना सहाच्या पुढं न जाणाऱ्या बायका गुणगुणताना दहापर्यंत जातात. ओवी म्हणायला लावली तर त्याहून सहज. 2001 मध्ये इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी जपमाळेवर लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुं' म्हणणाऱ्या लोकांचे श्वास मोजले, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो असं दिसलं. आमच्या आज्या जात्यावर बसून तेच करत होत्या, पीठही निघत होतं. जातं गेलं आणि ओवी गेली. आता सुपावर मोबाइलमधली गाणी, ती ऐकायची असतात, म्हणायची नसतात.

म्हणून ध्वनिमुद्रणाचा आराखडाच बदलला. माझ्या आवाजातले आकडे फक्त पहिली पाच मिनिटं. मग आत्तींच्या चार ओव्या, मध्ये रिकामी जागा ठेवून, ऐकणारीनं म्हणावं म्हणून. कन्नडात अक्कोरु लिंगायत संतांची वचनं म्हणणार आहेत.

18 ऑगस्ट

शेवटची मोजणी, मनगट धरून. शेवटपर्यंत टिकलेल्या 10 जणींपैकी 7 जणींचे श्वास दोन-चारांनी कमी, दोघींचे तेवढेच, एकीचे वाढले (तिला आज ताप होता). यावरून काही सिद्ध होत नाही. ज्या टिकल्या त्याच मोजल्या, आणि एव्हाना माझी मनगटाची युक्ती सगळ्यांना कळलीय. मावशींनी तर हात पुढं करतानाच डोळे मिटले, चेहरा समाधी लागल्यासारखा. तक्त्यावर आकडे नकोत.

पाठीचं मात्र लिहिण्यासारखं आहे. सुपाखाली उशी घेऊन ते उंच केलं की मान कमी वाकते, पोट मोकळं राहतं. ही कल्पना नव्या सुनेची. दहा आठवड्यांत सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला विचारलं तर आठजणींनी उशी म्हटलं.

21 ऑगस्ट

ध्वनिमुद्रण झालं. मराठी 19 मिनिटं, कन्नड 21. एका ठिकाणी मागं कोंबडा आरवतो, राहू दिला. मंडळाचं पोरगं विचारायला लागलं, फाइलला नाव काय देऊ, 'कुंडलिनी' टाकलं तर लोक उघडतील. मी नाही म्हटलं. बायकांनी परस्पर 'बिडि' ठेवलं. अक्कोरुंना फोन केला, त्या म्हणाल्या ठीक आहे, पण र्‍हस्व लिहा.

23 ऑगस्ट

तक्त्याचं प्रूफ आलं. 'श्वासपटल'चं 'श्वासपाटल' झालंय, दुरुस्त करायचं. वाटीचं चित्र छान, पण पोटावरचा पदर चित्रकार विसरलाय, तो रेखाटून घ्यायचा, नाहीतर सासूबाई भिंतीला लावू देणार नाहीत. वरच्या कोपऱ्यात त्यानं स्वतःहून एक छोटा नाग काढलाय. खोडायला सांगणार होते, आत्तींनी थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. वेढे तेवढे साडेतीन आहेत का बगा."

मोजले. चार आहेत. अर्धा कमी करायला सांगितलं.

बुधवारी गणपती. मंडप आता मूर्तीला लागणार, वाट्या आणि गोधड्या उचलून घरी आणायच्या. दोन वाट्या कमी भरतायत, विचारायचं.